ओटीपी म्हणजे आपली सही

(मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बँक, रेल्वे आणि रिफायनरी अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून निवृत्त झालेले आम्ही चौघे जण दर रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात बसतो. कोणाला पेन्शनचे काम असते, कोणाला आधारचे, कोणाला इन्कम टॅक्सचे. सुरुवातीला लोक स्वतःची कामे घेऊन येत. आता निम्म्याहून अधिक माणसे मुलांची कामे घेऊन येतात. मुलगा न्यू जर्सीला आहे, मुलगी टोरांटोला आहे, भाचा मेलबर्नला आहे, आणि त्यांचे इकडचे सरकारी खाते उघडत नाही. म्हणून पदाधिकाऱ्यांनी आम्हाला सांगितले, की जे एकेकाला समजावता ते एकदा सर्वांना मिळून सांगा.

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला परदेश नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी कित्येक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन बाहेर पाठवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि जाण्यापूर्वी संस्थानाशी रीतसर करार करून गेले. ही जुनी गोष्ट सांगण्याचे कारण इतकेच, की सरकारशी असलेले कागद बोटीवर चढण्याआधी नीट करायचे असतात, हे तेव्हाही खरे होते. आज बोट नाही, विमान आहे. कागद नाही, मोबाइल आहे. पण आधी करायचे काम आपण नंतर करायला जातो आणि तिथेच अडतो.

दुसरी जुनी गोष्ट शिक्क्याची. आपल्यात चिटणीस आहेत, फडणीस आहेत, पोतनीस आहेत. यांच्या पूर्वजांच्या काळी पत्रावर शिक्का आणि शेवटी मोर्तब झाल्याशिवाय हुकमाला किंमत नसे. एखाद्या गोष्टीवर शिक्कामोर्तब झाले असे आपण अजून म्हणतो. तो शिक्का कोणी शेजाऱ्याकडे ठेवायला देत नसे. आज मोबाइलवर येणारा सहा आकड्यांचा ओटीपी हा आपला शिक्का आहे. तो टाकला की सरकार समजते, या माणसाने स्वतः येऊन सही केली. आमचे आजचे सारे सांगणे या एका वाक्यात आहे. बाकीचा तपशील त्याच्याच पोटातला.

आता आपल्या घरांत काय चालते ते पाहू. मुलगा शिकायला जातो. त्याचे इकडचे सिम बाबांच्या जुन्या फोनमध्ये घातले जाते. आधार, पॅन, बँक, भविष्य निर्वाह निधी, सगळ्यांचे संदेश त्या फोनवर. रात्री मुलाचा फोन येतो, "बाबा, आत्ता एक नंबर येईल, पटकन सांगा." बाबा चष्मा शोधतात, नंबर वाचून दाखवतात. दहा वर्षे हे सुरळीत चालते. सुरळीत चालते म्हणूनच ते धोक्याचे आहे असे कोणाला वाटत नाही.

यात तीन धोके आहेत. पहिला, बाबांना सवय लागते की फोन आला की नंबर वाचून दाखवायचा. कोण बोलतो आहे, कशासाठी मागतो आहे, हा प्रश्न मनात उमटेनासा होतो. फसवणूक करणाऱ्याला हीच सवय हवी असते. दुसरा, त्या सिमकडे लक्ष राहत नाही आणि एक दिवस ते बंद पडते. तिसरा धोका बोलायला जड आहे, पण सणाच्या दिवसांतही सांगितला पाहिजे. पुष्कळ घरांत ते सिम मुलाच्या नव्हे, वडिलांच्या नावावर असते. वडील गेले, की दुःखाच्या दिवसांत कोणीतरी नातेवाईक त्यांचे नंबर बंद करतो. त्याच वेळी मुलाला वारसाच्या कामांसाठी स्वतःचे पॅन, आधार, बँक, सगळे लागणार असते, आणि सगळ्याची किल्ली वडिलांच्या सिमबरोबर गेलेली असते. अशी घरे आम्ही पाहिली आहेत. म्हणून पहिले काम हे, की मुलाच्या खात्यांना जोडलेला नंबर मुलाच्याच नावावर असावा. आपल्या नावावर कोणकोणते नंबर चालू आहेत हे दूरसंचार खात्याच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येते. २०२३ सालापासून ही सोय सर्वांसाठी खुली आहे.

आता त्या नंबराविषयी. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरले नाही, म्हणजे फोन नाही, संदेश नाही, डेटा नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून नंबर राखून ठेवण्याची तरतूद दूरसंचार नियामकाच्या नियमात २०१३ पासून आहे. पण नंबर राखणे वेगळे आणि त्यावर संदेश येत राहणे वेगळे. ओटीपी हवे असतील तर वैधता असलेला एखादा स्वस्त प्लॅन चालू ठेवा. तो इथून कोणीही भरू शकतो. भरण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, गॅस सिलिंडरची लिहिता तशी. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या माणसाला दिला जातो. म्हणजे तुमच्या मुलाचा ओटीपी उद्या एखाद्या अनोळखी घरी जाऊन पडेल.

सिम इथे ठेवायचे की तिकडे न्यायचे? आमचे मत स्पष्ट आहे, तिकडे न्यावे. आजच्या बहुतेक फोनमध्ये दोन सिमची सोय असते. एक तिथले, एक इथले. फक्त आंतरराष्ट्रीय रोमिंग इथून निघण्यापूर्वी चालू करून घ्यावे. तिकडे गेल्यावर ते करायला पुन्हा ओटीपी लागतो आणि गाडे तिथेच रुतते. रोमिंगवर येणाऱ्या संदेशाला पैसे पडतात का, हे कंपनीला आधी विचारावे. आणि त्या सिमवर मोबाइल डेटा बंद ठेवावा, नाहीतर बिल पाहून घाम फुटेल.

हा नंबर इतका का जपायचा, याचे उत्तर आधारमध्ये आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाला आधार काढता येते. २०१९ पासून त्यासाठी १८२ दिवस राहण्याची अटही नाही. मात्र परदेशी मोबाइल नंबरवर आधारचे संदेश येत नाहीत. म्हणजे आधारच्या ओटीपीवर चालणारे प्रत्येक काम त्या भारतीय नंबरावर टांगलेले आहे. तेव्हा मूल सुट्टीला येईल, तेव्हा मामाकडे, मावशीकडे जेवायला जाण्याआधी एक सकाळ आधार केंद्रासाठी ठेवा. मोबाइल नंबर बरोबर आहे का पाहा, नसेल तर बदलून घ्या, ईमेलही नोंदवा.

आधारचे आणखी दोन उपाय फुकटचे आहेत आणि फार थोडे लोक ते वापरतात. बोटांचे ठसे, डोळे, चेहरा यांच्या ओळखीला कुलूप लावता येते. परदेशी राहणाऱ्याने ते लावूनच जावे. मग त्याच्या ठशाच्या आधारे इकडे कोणी काही करू शकत नाही. हवे तेव्हा थोड्या वेळापुरते उघडताही येते. दुसरे, कोणाला आधारची प्रत द्यायची तर मास्क केलेली द्या. तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पुष्कळांच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्या कुटुंबाचे आधार, पॅन आणि पासपोर्ट फोटो काढून ठेवलेले असतात, सापडायला सोपे जावे म्हणून. ते चोरालाही सोपेच जाते.

आता इन्कम टॅक्स. रविवारी आमच्याकडे येणाऱ्यांत ही मंडळी सर्वांत जास्त. मुलगा परदेशी असला तरी इथे भाडे येते, व्याज येते, रिटर्न भरावा लागतो. पहिला प्रश्न आम्ही विचारतो, खात्यात ईमेल कोणाचा आहे? बरेचदा तो ना मुलाचा असतो ना वडिलांचा. रिटर्न भरून देणाऱ्याने सोयीसाठी स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा नंबर घालून ठेवलेला असतो. तो माणूस सज्जन असेल, तरी खात्याची नोटीस त्याच्याकडे जाते, पासवर्ड बदलण्याचा दुवा त्याच्याकडे जातो. आज घरी गेल्यावर हे एक काम करा. प्रोफाइल उघडा, संपर्काचा मुख्य नंबर आणि मुख्य ईमेल पाहा, आणि दुसऱ्याचे असतील तर बदला. या खात्यात अनिवासी माणसाला परदेशी नंबर व आपला ईमेल नोंदवता येतो.

त्याच संकेतस्थळावर ई-फायलिंग व्हॉल्ट नावाची सोय आहे. ती चालू केली, की नुसत्या पासवर्डने आत जाता येत नाही. नेट बँकिंगमधून, आधार ओटीपीने किंवा डिजिटल सहीने जावे लागते. वाड्याच्या दिंडीला आतून अडसर घालावा तसे हे आहे. परदेशात आधारच्या सिमची खात्री नसेल तर नेट बँकिंगचा मार्गही निवडून ठेवा, म्हणजे स्वतःच बाहेर राहण्याची पाळी येणार नाही.

रिटर्न भरला म्हणजे काम संपले असे नाही. ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. आधार ओटीपी येत नसेल तर नेट बँकिंगने करा. तेही जमत नसेल तर पोचपावतीच्या कागदावर मुलाने शाईने सही करून तो बेंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राला टपालाने पाठवण्याची सोय अजून आहे. फक्त ते पाकीट मुदतीत पोचले पाहिजे, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

पॅन आणि आधार जोडण्यावरूनही बरीच घबराट होते. आयकर कायद्याप्रमाणे जो अनिवासी आहे, त्याला ही जोडणी सक्तीची नाही. २०१७ सालच्या अधिसूचनेत ती सूट आहे. पण खात्याच्या दप्तरी तो अजून निवासीच दिसत असेल, तर १ जुलै २०२३ पासून त्याचे पॅन निष्क्रिय झालेले असू शकते. तेव्हा आपण अनिवासी आहोत हे खात्याला कळवणे मुलाचे काम आहे. ते न करता "पॅन चालू करून देतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या दुव्यावर बोट ठेवू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. मुलाचे काम वडिलांनीच करायचे असेल तर पासवर्ड आणि ओटीपी मागून घेण्याची गरज नाही. कायद्याने सरळ रस्ता ठेवला आहे. इन्कम टॅक्सच्या खात्यात देशाबाहेर असलेला माणूस आपल्या वतीने काम करण्यासाठी दुसऱ्याला अधिकृत प्रतिनिधी नेमू शकतो. त्याला मुखत्यारपत्र लागते. मग वडील स्वतःच्या पॅनने, स्वतःच्या पासवर्डने आत जातात आणि मुलाचे काम रीतसर करतात. कोणी काय केले याची नोंद राहते. मुखत्यारपत्र परदेशात करायचे असेल तर भारतीय दूतावासात किंवा कॉन्सुलेटमध्ये सही करून घ्यावे, आणि कागद इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. सुट्टीत इथेच केले तर निम्मी धावपळ वाचते. त्यात नेमकी कोणती कामे ते लिहा. "सर्व काही" असे लिहून देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही.

काही सरकारी संकेतस्थळे परदेशातून उघडतच नाहीत. मुले वैतागतात आणि एखादे फुकटचे व्हीपीएन अॅप घेतात. व्हीपीएन म्हणजे आडवाट. फोन अमेरिकेत असला तरी तो भारतात आहे असे भासवता येते. पण त्या वाटेने जाताना आपली सारी ये-जा त्या अॅपवाल्याच्या दारातून होते, आणि जो फुकट दार उघडतो तो कशावर जगतो हा प्रश्न विचारायला हवा. शिवाय एप्रिल २०२२ मध्ये आपल्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचे निर्देश दिले. त्यानंतर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातील आपली यंत्रे हलवली. म्हणजे "भारत" असे लिहिलेले बटण दाबले तरी पलीकडचे यंत्र भारतात असेलच असे नाही. आमचा सल्ला असा. आधी ऑफिसचा लॅपटॉप बाजूला ठेवून घरच्या फोनवर, दुसऱ्या ब्राउझरवर पाहावे. ऑफिसचे स्वतःचे व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करावे. तरी उघडत नसेल तर काम अधिकृत प्रतिनिधीकडून करावे किंवा सुट्टीपर्यंत थांबावे. अगदीच नड असेल तर पैसे देऊन घेतलेली, नावाजलेली सेवा वापरावी. फुकटची कधीही नाही.

पत्ता तपासण्याची एक खूण सांगतो. संकेतस्थळाचा पत्ता उजवीकडून वाचा. टपालाच्या पाकिटावर गाव शेवटी असते, तसे इथेही खरे गाव शेवटी असते. आपण सांगितलेली बहुतेक सरकारी स्थळे डॉट जीओव्ही डॉट इन अशी संपतात. हीच अक्षरे मध्ये कुठेतरी असतील आणि शेवटी डॉट कॉम किंवा आणखी काही असेल, तर ते सरकार नव्हे. संदेशातल्या दुव्यावरून कधी जाऊ नका. पत्ता स्वतः टाइप करा, एकदा खात्री झाली की खूण करून ठेवा.

आता थोडे आपल्या पिढीविषयी, कारण परदेशी फक्त मुलेच जात नाहीत. नातवंड होते, सूनबाई बोलावते, आणि आपण सहा महिने तिकडे. नेमका नोव्हेंबर तिथे येतो आणि हयातीचा दाखला राहतो. दाखला नाही दिला तर पेन्शन थांबते. ती बुडत नाही, दाखला दिल्यावर थकबाकीसह सुरू होते. पण परक्या देशात हातखर्चासाठी मुलाकडे पाहावे लागणे आपल्याला आवडत नाही. सरकारी पेन्शनर ८० वर्षांवरचे असतील तर त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. ज्यांची पेन्शन भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतली आहे, त्यांना नोव्हेंबरची वाट पाहावी लागत नाही. वर्षात केव्हाही दाखला द्यावा, तो १२ महिने चालतो. म्हणून त्यांनी विमानाच्या आधीच देऊन टाकावा. जीवन प्रमाण ही सोय २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून फोनसमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो. आधारचे कुलूप लावले असेल तर ते तेवढ्यापुरते उघडायला मात्र विसरू नका. तिकडे असतानाच वेळ आली, तर भारतीय दूतावासात किंवा कॉन्सुलेटमध्ये जाऊन दाखला घेता येतो.

रविवारी आम्हाला एक प्रश्न हमखास येतो, विशेषतः आयांकडून. "पोटच्या पोराने नंबर मागितला आणि मी नाही म्हणायचे? त्याला काय वाटेल?" प्रश्न खरा आहे. तो फोन म्हणजे कित्येकदा आठवड्यातला एकुलता एक फोन असतो. ओटीपी सांगितल्यावर "जेवलीस का?" असे दोन शब्द तो विचारतो. ते दोन शब्द तुटतील ही भीती आम्हाला समजते. पण आज आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. "तुमचा मुलगा पोलिसांनी पकडला आहे", "तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे", असे फोन आपल्या शहरात येत आहेत. आईचे मन आधी धावते आणि डोके मागून जाते. म्हणून नियम प्रेमाच्या वेळी करून ठेवायचा, संकटाच्या वेळी नव्हे.

तो नियम असा. ज्याचा ओटीपी, त्याचेच बोट. मुलाला मदत करायची असेल तर व्हिडिओ कॉल लावा. डोळे त्याचे, हात तुमचे. आपली स्क्रीन दुसऱ्याच्या ताब्यात देणारे अॅप कोणाच्याही सांगण्यावरून घालू नका. सिम अजून तुमच्याकडे आहे तोपर्यंत नंबर सांगणे भागच पडले, तर आधी सगळा संदेश वाचा. तो कशासाठी आहे हे बहुधा त्यातच लिहिलेले असते. रिटर्नसाठी मागितला आणि संदेशात पैसे जाण्याची गोष्ट असेल तर तिथेच थांबा. आलेला फोन ठेवा आणि स्वतः मुलाचा नेहमीचा नंबर फिरवा. आणि घरातला एक शब्द ठरवा, जो बाहेरच्याला माहीत असणार नाही. आजीचे माहेरचे नाव चालणार नाही, ते नातेवाइकांना ठाऊक असते. तान्हेपणी मुलाला कोणत्या लाडाच्या नावाने हाक मारत होता, ते चालेल.

तरीही फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात. पैसे पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता तेव्हाच असते. परदेशातून हा क्रमांक लागला नाही, तर केंद्र सरकारच्या सायबर क्राइम संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, आणि इथल्या माणसाने फोन करायचा.

मूल निघण्याआधीची यादी आता थोडक्यात. सिम त्याच्या नावावर आणि त्याच्याबरोबर, रोमिंग चालू. आधारला तोच नंबर आणि ईमेल, ठशांना कुलूप. इन्कम टॅक्सच्या खात्यात स्वतःचा संपर्क. बँकेला अनिवासी झाल्याचे कळवून बचत खात्याचे एनआरओ खाते. ठरावीक कामांपुरते मुखत्यारपत्र. आणि ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला, कारण बाकीची सगळी कुलुपे शेवटी ईमेलमधूनच उघडतात. एवढ्याला दोन सकाळी लागतात. बॅगा भरायला आपण दोन महिने घेतो.

हे सगळे झाले, की मुलाचा फोन ओटीपीसाठी येणार नाही. मग तो नुसता बोलायला येईल, आणि तुम्हाला चष्मा शोधावा लागणार नाही. कागदपत्रे घेऊन कोणाला यायचे असेल तर वाचनालय रविवारी दहा ते बारा उघडे असते. फक्त ओटीपी आम्हालाही सांगू नका.

गणपती बाप्पा मोरया!